हाकलण्याचा हिशोब

गडहिंग्लजच्या पेठेत माझं औषधांचं दुकान आहे. पावसाळा लागला की काउंटरवर दोन खोकी पुढे ओढून ठेवतो. एकात डासांच्या कॉइल, दुसऱ्यात अंगाला लावायच्या ट्यूब. ट्यूब कुठल्याही कंपनीची असो, गिऱ्हाईक तिला ओडोमॉसच म्हणतं. सव्वीस वर्षं मी ही दोन्ही खोकी एकाच हाताने विकली. त्यांच्यात धर्माच्या दृष्टीने काही फरक असेल, हे माझ्या डोक्यात यंदाच्या जुलैपर्यंत आलं नव्हतं.

निमित्त झालं आंबोलीचं. आमच्या शेजारचे मास्तर, जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, म्हणाले, "चला, दोन रात्री बेडूक बघून येऊ." आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथला एक पिवळा, पट्टेरी भेक आंबोलीच्या परिसराबाहेर कुठेच सापडत नाही. शास्त्राने त्याला नाव दिलं ते २००९ साली. ऐकून मीही हुरळलो. संध्याकाळी दुकानातल्या फळीसमोर उभा राहून काय न्यावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात मागून आक्काचा आवाज आला, "जीव मारायचं काही घेऊ नकोस हं."

आक्का माझी थोरली बहीण. आम्ही जैन, आणि ती एकाहत्तर वर्षांची, व्रती. सूर्य मावळला की पाण्याचा घोटसुद्धा नाही, चातुर्मासात पालेभाजी नाही. मी दुकानात कॉइल विकतो हे तिला ठाऊक आहे, पण त्याविषयी ती कधी चकार शब्द काढत नाही. घरात मात्र आजवर एकही कॉइल पेटलेली नाही. मच्छरदाणी लावायची आणि आत शिरलेला डास असेल तर मच्छरदाणी उचलून त्याला वाट करून द्यायची, असा आमच्याकडचा शिरस्ता.

मी तिला शास्त्र सांगायला गेलो. आपल्यात हिंसेचे चार प्रकार मानतात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून केलेली संकल्पी हिंसा गृहस्थाने सोडायची. चूल पेटवताना, शेती-व्यापार करताना आणि स्वतःचा बचाव करताना होते ती त्याला पूर्ण सुटत नाही, म्हणून तिथे अणुव्रत, म्हणजे जमेल तेवढं. "डास चावायला आला आणि मी त्याला अडवलं, तर ती विरोधी झाली," मी म्हणालो.

आक्का तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तो तुझ्या घरात आला की तू त्याच्या?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुनी चातुर्मासात एका जागी थांबतात ते याचसाठी. पावसात जमीन जिवांनी भरून जाते, पाऊल टाकावं तिथे कुणीतरी असतं. आणि आम्ही नेमके त्याच महिन्यात, अंधारात, जाड तळाचे बूट घालून त्याच जमिनीवर फिरायला निघालो होतो. साधूंनी सोसायचे बावीस परीषह सांगितलेत, त्यात भूक, तहान, थंडी, ऊन यांच्या पाठोपाठ दंशमशक येतो, म्हणजे डास-गोमाश्यांचा चावा. महावीरांच्या अंगावर चार महिन्यांहून अधिक काळ किडे फिरत, चावत राहिले आणि त्यांनी त्यांना झटकलं नाही, असं आचारांगात वर्णन आहे. मी महावीर नाही. माझ्या पाठीवर एक मुंगी चढली तरी मी सदरा काढतो.

मग मी औषधवाल्यासारखा विचार करायला लागलो. फळीवर जे होतं आणि जे मागवता येत होतं, ते एकेक डोळ्यांपुढे आणलं.

पर्मेथ्रिन पहिलं बाद केलं. ते कातडीला लावत नाहीत, कपड्यांवर मारतात. कपड्यावर बसलेला किडा त्याने लुळा पडतो आणि मरतो. शेवंतीच्या जातीतल्या एका फुलात मूळ द्रव्य सापडलं आणि त्याची नक्कल कारखान्यात झाली. कॉइलमध्येही याच घराण्यातली द्रव्यं असतात. माशांना ते फार विषारी. गोचिडीसाठी याच्यासारखं दुसरं नाही, पण आक्काच्या अटीत ते बसत नव्हतं.

सिट्रोनेला, म्हणजे गवती चहाच्या भाऊबंदांपैकी एका गवताचं तेल. वास छान, नाव नैसर्गिक. गिऱ्हाईक हेच मागतं, कारण त्यात पाप नाही असं त्याला वाटतं. पण त्याचा असर लवकर उडून जातो, कित्येकदा तासाभरातच. दोडामार्गाकडे काजूच्या बागेत जाणारा माणूस दुकानात आला आणि मी त्याच्या हातात ही सुवासिक बाटली ठेवली, तर? त्या पट्ट्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण निघालेत. तो ताप गोचिडीतून येतो आणि माणूस दगावू शकतो. कर्नाटकात, जिथे १९५७ साली हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला, तिथे जंगलात जाणाऱ्यांना डेपा तेल वाटतात. ते आपल्याच संरक्षण खात्याच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं. अहिंसेच्या नावाखाली मी त्याला सिट्रोनेला दिलं, तर माझं सत्याचं व्रत तिथल्या तिथे मोडलं. पाच अणुव्रतांतलं एक पाळण्यासाठी दुसरं मोडायची परवानगी कुणी दिलेली नाही.

उरलं डीट. १९४६ साली अमेरिकी लष्करासाठी शोधलेलं. वीस-तीस टक्क्यांचं असेल तर चार-सहा तास निभावतं. टक्के वाढवले म्हणून डास जास्त घाबरत नाहीत, फक्त वेळ वाढतो. प्लास्टिकला मात्र ते खातं, दुर्बिणीचं रबर चिकट होतं. मारत नाही. मग करतं काय? इथे मला खरी गंमत वाटली. डास आपल्या श्वासातला कर्बवायू आणि घामाचा वास हुंगत येतो. डीटमुळे आपला वास त्याला नीट लागतच नाही, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. इतर काही म्हणतात, वास लागतो, पण डीटचा दर्प त्याला सोसवत नाही. या वादाचा पुरता निकाल लागलेला नाही.

मी हे आक्काला सांगितलं. तिने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. "म्हणजे तू लपतोयस की त्याला हाकलतोयस, हे तुमच्या सायन्सला ठरवता येईना?"

"येईना."

"लपत असशील तर बरं. हाकलत असशील तर लिहून ठेव."

लिहून कुठे ठेवायचं हे तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वीस टक्क्यांचा स्प्रे घेतला, जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे जाड कापडी मोजे घेतले आणि निघालो.

आंबोलीत रात्री आठला विजेऱ्या घेऊन बाहेर पडलो. वाटाड्या पोरगा विशीतला. त्याने पहिलीच गोष्ट विचारली, "हाताला काय लावलंय का? मग कशाला हात लावायचा नाही. बेडूक कातडीतून पितंय सगळं." मी तळहात पँटला पुसत राहिलो. सोबत आलेली एक नवी काळजी होती ती. डासापासून बचाव करायला लावलेलं बेडकाला बाधेल हे आक्कालाही सुचलं नसतं.

मास्तरांनी काही लावलं नव्हतं. त्यांना तेलकट काही सोसत नाही. अर्ध्या तासात मी निवांत आणि मास्तर मानेवर, कानामागे, मनगटावर चापट्या मारताहेत असं दृश्य झालं. "माझ्याकडेच कसे येतात हो सगळे?" ते म्हणाले. मी काही बोललो नाही. कारण मला माहीत होतं. माझ्यावरून उठलेला डास उपाशीच होता. मादी असते ती, तिला अंड्यांसाठी रक्त लागतं. माझ्याकडे नाही मिळालं तर शेजारी मिळेल. मी एकही जीव मारला नव्हता, आणि मास्तरांची मान सुजत चालली होती. शेवटी त्यांच्या रुमालावर स्प्रे मारून तो त्यांच्या गळ्यात बांधला.

परतल्यावर बूट काढले तर मोज्याच्या वरच्या काठाला, गुडघ्याच्या मागे, एक जळू. तपकिरी, शिवणदोऱ्याएवढी असावी ती आता बोराच्या बीएवढी टम्म झालेली. लॉजवाल्याने लगेच मिठाची वाटी पुढे केली. मीठ टाकलं की जळू सुटते, हे खरं. पण सुटते ती अंगातलं पाणी ओढलं गेल्यामुळे, तडफडून. पोराने मीठ बाजूला सारलं, अंगठ्याचं नख जळवेच्या बारीक टोकाखाली आडवं सरकवलं, मग दुसऱ्या टोकाखाली. ती सुटली, त्याच्या बोटाला चिकटली, त्याने ती ओल्या पानावर उतरवली. जखमेतून रक्त बराच वेळ वाहत होतं. रक्त गोठू नये असं द्रव्य ती सोडते, म्हणून. दुखत काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरण्यकेशीला गेलो. गुहेसमोरचं कुंड, थंडगार पाणी. २०२० साली या पाण्यातल्या एका छोट्या माशाला नवी जात म्हणून नाव मिळालं, पुढच्या वर्षी ही जागा जैवविविधता वारसा ठरली. पाय बुडवायला वाकलो आणि थांबलो. पोटऱ्यांवर सकाळचा स्प्रे होता. शिवाय ही नदी पुढे आजऱ्यावरून आमच्या गडहिंग्लजलाच येते. तिच्या उगमात मी जे धुतलं असतं, ते माझ्याच गावाकडे निघालं असतं. काठावर बसून राहिलो. मास्तर पाय बुडवून बसले, त्यांच्या पायांना काही नव्हतं. त्यांचा तो हक्क त्यांनी रात्रभर चावे सोसून कमावला होता.

घरी आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. आक्का प्रतिक्रमणाला बसायच्या तयारीत. त्यात ईर्यापथाचा भाग येतो: चालता-फिरताना दोन इंद्रियांच्या, तीन, चार, पाच इंद्रियांच्या जिवांना माझ्याकडून काय काय झालं त्याची कबुली. लहानपणापासून ते कानावर पडलंय, पण त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट ऐकलं. त्यात नुसतं मारलं एवढंच नाही. ढकललं, दाबलं, एकावर एक लोटलं, जागेवरून हलवलं, हेही आहे. हाकलण्याचा रकाना कुणीतरी दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच आखून ठेवला होता, आणि मी दुकानात उभा राहून तो शोधत होतो.

"तुझं काय घालायचं?" आक्काने विचारलं.

"द्वींद्रिय एक. जळू. हलवली, मेली नाही. चतुरिंद्रिय डास, मोजले नाहीत. बुटाखाली काय आलं ते माहीत नाही."

"आणि?"

"पंचेंद्रिय एक."

तिने डोळे उघडले. "ते कोण रे?"

"मास्तर."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. डोळे मिटून घेतले आणि हात जोडले.