कारूनची हुशारी आणि पाहणाऱ्यांचे नशीब

दूरचित्रवाणीवरील एखाद्या मोठ्या स्पर्धेचा अंतिम भाग पार पडला की दुसऱ्या दिवशी घरोघरी एकच वाद रंगतो. विजेता डोक्याने जिंकला की नशिबाने? २०२३ साली पुण्याचे रॅपर एमसी स्टॅन आणि २०२४ च्या जानेवारीत डोंगरीत राहिलेले मुनव्वर फारुकी हिंदी ‘बिग बॉस’चे विजेते ठरले, तेव्हा हा वाद आपल्या मोहल्ल्यांतही ऐकू आला. या दोघांविषयी येथे कोणताही निवाडा करावयाचा नाही. अंतःकरणे अल्लाहच जाणतो. परंतु प्रश्न गंभीर आहे, कारण त्याच्या उत्तरावर आपली मुले आयुष्याची आखणी करू लागली आहेत.

पवित्र कुरआनच्या ‘अल्-कसस’ या अध्यायात हाच वाद आलेला आहे. कारून हा हजरत मूसा (अ.) यांच्याच समाजातील मनुष्य. त्याच्या खजिन्याच्या किल्ल्या उचलताना बलदंड पुरुषांची टोळीदेखील वाकत असे. लोकांनी त्याला अल्लाहच्या उपकारांची आठवण करून दिली, तेव्हा तो उत्तरला की हे सारे मला माझ्याजवळच्या ज्ञानामुळे मिळाले आहे. पुढे तो थाटामाटात लोकांसमोर आला. ऐहिक जीवनाची हाव असलेले पाहणारे म्हणाले, आम्हालाही असे मिळाले असते तर! हा मोठा नशीबवान आहे. कारून म्हणतो ज्ञान, पाहणारे म्हणतात नशीब. दोन्ही उत्तरे परस्परांविरुद्ध दिसतात, पण देणाऱ्याचे नाव दोहोंतही नाही.

आता आजच्या काळाचा एक दाखला पाहू. अशा स्पर्धांत गट बांधून डावपेच लढविण्याची रीत ज्या कार्यक्रमाने रूढ केली, तो म्हणजे अमेरिकेतील ‘सर्व्हायव्हर’. २००० साली त्याचे पहिले पर्व मलेशियातील पुलाऊ टीगा या बेटावर चित्रित झाले. सोळा स्पर्धक, एकोणचाळीस दिवस आणि दहा लाख डॉलरचे बक्षीस. ठरावीक दिवसांनी मतदान होई आणि एकेकाला बेट सोडावे लागे. रिचर्ड हॅच नावाच्या स्पर्धकाने आणखी तिघांना हाताशी धरून गट बांधला. इतर स्पर्धक ज्याचे त्याचे मत देत असताना हे चौघे ठरवून एकाच नावावर मते देत. एक डॉक्टर महाशय तर नावांच्या वर्णक्रमाने मत देत असत. गटाने त्यांच्या या सरळपणाचाही उपयोग करून घेतला. अखेर गटातील सोबत्यांनाही एकमेकांवर उलटणे भाग पडले.

शेवटी तिघे उरले. एका खांबावर हात ठेवून उभे राहावयाचे, ज्याचा हात शेवटपर्यंत राहील तो वाचला, अशी कसोटी होती. हॅचने हिशेब केला की उरलेल्या दोघांपैकी कोणीही जिंकले तरी मलाच सोबत घेईल, आणि त्याने आपण होऊन हात काढला. उरले केली नावाची तरुणी आणि रूडी नावाचे बहात्तर वर्षांचे निवृत्त नौसैनिक. रूडी यांच्याशी अंतिम मतदानात सामना झाला असता तर हॅचचा निभाव लागणे कठीण होते. पण कित्येक तास तग धरल्यावर रूडी यांचा हात निव्वळ बेसावधपणे खांबावरून सुटला. या घटनेत हॅचची कोणती चतुराई?

याहून नवल पुढे आहे. बाद झालेल्या सात स्पर्धकांनी मते देऊन विजेता ठरवावयाचा होता. त्यांपैकी एकाने दोघांनाही एक ते दहा यांपैकी एक अंक सांगावयास लावला. केलीने तीन सांगितला, हॅचने सात. त्याच्या मनातील अंक नऊ होता आणि त्याचे मत हॅचला गेले. निकाल लागला चार विरुद्ध तीन! एकोणचाळीस दिवसांचा डाव रचणाऱ्याला तडीस नेले ते अशा एका मताने. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे लोक हॅचच्या युक्तीचाच अभ्यास करीत राहिले.

याचा अर्थ योजना करणे व्यर्थ आहे, असा मुळीच नाही. हजरत याकूब (अ.) यांनी आपल्या पुत्रांना मिस्रला पाठविताना सांगितले की सर्वांनी एकाच दरवाजाने आत जाऊ नका, निरनिराळ्या दरवाजांनी जा. ही उघड योजना होती. परंतु त्याच वेळी त्यांनी हेही सांगितले की अल्लाहच्या निर्णयापुढे मी तुमच्या काहीही कामी येऊ शकत नाही. ‘यूसुफ’ या अध्यायात याच प्रसंगी याकूब (अ.) यांना ज्ञानवंत म्हटले आहे, आणि ते ज्ञान आम्हीच दिले होते, असेही स्पष्ट केले आहे. कारूनच्या तोंडी ज्ञान हा शब्द येतो आणि याकूब (अ.) यांच्या बाबतीतही येतो, हे वाचकांनी कुरआन उघडून अवश्य पडताळून पाहावे.

स्पर्धेचीही इस्लामला अडचण नाही. आदरणीय प्रेषित (स.) यांनी मदीनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या. त्यांत सराव दिलेल्या घोड्यांसाठी लांबचा पल्ला आणि सराव नसलेल्यांसाठी जवळचा पल्ला ठरविलेला असे, म्हणजे कोणावर अन्याय होऊ नये. प्रेषितांची ‘अज्बा’ नावाची सांडणी कधी मागे पडत नसे. एकदा एका ग्रामीण अरबाच्या तरुण उंटाने तिला मागे टाकले, तेव्हा सहाबांना फार वाईट वाटले. प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले की जगात जे काही उंचावते, ते अल्लाह खाली आणतोच. या प्रसंगात धावणारा धावला आणि हरणारा हरला. कोणी कोणाला दिलेला शब्द मोडला नाही.

माझ्या मते खरी मेख येथेच आहे. ‘हा तर खेळ आहे’ असे म्हणून वचनभंगाला युक्ती ठरविता येते काय? खोटे बोलणे, वचन मोडणे आणि अमानतीत खियानत करणे या तीन गोष्टी हदीसमध्ये दांभिकाची लक्षणे म्हणून सांगितल्या आहेत. बक्षीस ठेवलेले असेल तर सूट, अशी पुरवणी त्याला जोडलेली नाही. काही तरुण युद्धातील डावपेचांचा दाखला देतात. युद्धात शत्रूला चकविणे वेगळे आणि सोबत जेवणाऱ्याला शब्द देऊन फसविणे वेगळे. करार झाल्यावर तो शत्रूशीही मोडू नये, अशी शिकवण असताना मित्राची गोष्टच सोडा.

नशिबाच्या बाजूचेही असेच आहे. हजरत यूनुस (अ.) यांच्या जहाजावर चिठ्ठ्या टाकल्या गेल्या, याचा उल्लेख कुरआनमध्ये आहे. समान हक्क असलेल्यांत निवड करण्यासाठी चिठ्ठी टाकणे निराळे, आणि पैसे पणाला लावून दुसऱ्याच्या तोट्यावर आपला नफा साधणे निराळे. दुसऱ्या प्रकाराला ‘अल्-माइदा’ या अध्यायात मद्याच्या जोडीला बसविले आहे आणि त्यापासून दूर राहण्याची आज्ञा केली आहे.

हॅचची हकिकत बक्षिसापाशी संपली नाही. मिळालेल्या रकमेवरील कर चुकविल्याबद्दल २००६ साली अमेरिकेच्या न्यायालयाने त्याला चार वर्षे तीन महिन्यांच्या कारावासाची शिक्षा दिली. कयामतच्या दिवशी मनुष्याला संपत्तीविषयी दोन गोष्टी विचारल्या जातील, असे हदीसमध्ये आले आहे. ती कोठून मिळविली आणि कोठे खर्च केली. डोक्याने मिळाली की नशिबाने, हा प्रश्न तेथे नाही.

कारून आपल्या वाड्यासह जमिनीत गडप झाला. त्यानंतर कुरआनने पुन्हा पाहणाऱ्यांचाच उल्लेख केला आहे. काल त्याच्या जागी असण्याची इच्छा करणारे म्हणू लागले की अल्लाहचा उपकार नसता तर आम्हीही गडप झालो असतो. आपल्या घरातील बहुतेक मुले स्पर्धक होणार नाहीत, ती पाहणारीच राहतील. काहीजण आज कोण बाद होईल आणि कोण जिंकेल, यावर मोबाईलवरून पैसे लावू लागली आहेत. तो पैसा त्यांच्या मालकीचा असतो आणि तो पणालाच लावलेला असतो. म्हणून ‘अल्-माइदा’मधील आज्ञा येथे सरळ लागू होते. पालकांनी मुलांना याविषयी रागावून नव्हे, जवळ बसवून विचारावे, आणि रक्कम दहा रुपये असली तरी विचारावे.