निष्काम कर्म कुणाचं?

मार्च २०२४ मध्ये शिवाजीराव आढळराव शिवसेनेतून अजित पवारांच्या राष्ट्रवादीत आले आणि शिरूर लोकसभेचे उमेदवार झाले. समोर अमोल कोल्हे. तेही २०१९ला शिवसेनेतूनच तेव्हाच्या एकसंध राष्ट्रवादीत आलेले. दौंडचे राहुल कुल २०१४ला राष्ट्रीय समाज पक्षाचे आमदार, २०१९ला भाजपचे.

मग निष्ठा नेमकी कुणाशी?

वर्षानुवर्षं सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला गीतेतलं निष्काम कर्म ऐकवायचं आणि फळ मात्र कालच आलेल्याच्या ओंजळीत टाकायचं, हा सरळ अन्याय आहे. फळाची आसक्ती सोडायची ती ज्याची त्यानं. दुसऱ्यानं ते हिसकावणं म्हणजे त्याग नव्हे.

आमच्या दौंड तालुक्यात यवत-वरवंडला तुकोबांची पालखी येते तेव्हा दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो. तिकिटाचा क्रम मात्र पक्षश्रेष्ठींच्या मनात. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत शाईच्या सहीचा एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचं अधिकृत उमेदवारीचं पत्र, ज्याच्या हाती, तोच पक्षाचा उमेदवार.