स्मशानातला लाकडांचा हिशेब

पोलिसांनी कुणाला मारल्याची बातमी आली की माझ्या मनात पहिला प्रश्न उठतो तो ‘होता कोण?’ हाच. कुणी मारलं, कुठल्या अधिकारात मारलं, हे नंतर. निरपराध निघाला तर मी हळहळतो, गुन्हेगार निघाला तर पान उलटतो. हळहळण्यासाठी ही अट मी का घालतो, याचा विचार करताना मला जसवंतसिंग खालरा आठवतात.

खालरा अमृतसरचे मानवाधिकार कार्यकर्ते. बँकेतल्या एका बेपत्ता सहकाऱ्याचा माग काढत ते दुर्गियाना मंदिराच्या स्मशानभूमीपर्यंत पोचले. तिथल्या वह्यांत चितेसाठी दिलेल्या लाकडांच्या नोंदी होत्या आणि प्रेत आणणाऱ्या पोलिसांची नावंही होती. लाकडाला पैसे पडतात, तेव्हा त्याचा हिशेब ठेवावाच लागतो. घरच्यांना पत्ता लागू न देता पोलिसांनी ही प्रेतं ‘बेवारस’ म्हणून जाळली होती, पण लाकडं मोजणाऱ्याला गप्प करायचं कुणाला सुचलं नव्हतं. पट्टी आणि तरनतारन इथंही तेच आढळलं. जानेवारी १९९५ मध्ये खालरांनी हे सगळं जाहीर केलं. हायकोर्टाने याबाबतची त्यांची याचिका फेटाळली. ज्यांची माणसं गेली त्यांनी यावं, तुमचा काय संबंध, असा त्याचा अर्थ होता. जी आई पोलीस ठाण्याच्या दारात उभी राहायलाही घाबरत होती, तिने म्हणे कोर्टात यायचं!

पुढे सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून सीबीआयने चौकशी केली. तेव्हाच्या अमृतसर जिल्ह्यातल्या या तीनच स्मशानभूमींमध्ये असे २०९७ अंत्यसंस्कार झाल्याचं निघालं. ५८५ जणांची ओळख पटली, २७४ जणांची अर्धवट, आणि १२३८ जण कोण होते ते कळलंच नाही.

पंजाबातल्या दहशतवादाच्या त्या वर्षांत मी कुणाच्या बाजूने होतो, हे मला नीट आठवतं. १० ऑगस्ट १९८६ ला आमच्या पुण्यात माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांना खलिस्तानी अतिरेक्यांनी भर रस्त्यात गोळ्या घातल्या. पंजाबात अतिरेकी बसमधून प्रवाशांना खाली उतरवून मारत होते. ती भीती खोटी नव्हती, आणि त्या मृतांचं दुःख मी आजही तसूभर कमी करणार नाही. ३१ ऑगस्ट १९९५ ला चंदीगडला बॉम्बस्फोटात मुख्यमंत्री बेअंतसिंग मारले गेले. सहाव्या दिवशी, ६ सप्टेंबरला, खालरांना त्यांच्या घरासमोरून पोलिसांनी उचललं. त्याच वर्षी ते कॅनडात जाऊन बोलून आले होते. तिथेच राहा असं लोक सांगत असतानाही परतले होते. त्यांचं प्रेत मिळालं नाही. त्यांच्या पत्नी परमजीत कौर दहा वर्षं कोर्टात लढल्या, तेव्हा २००५ मध्ये सहा पोलिसांना शिक्षा झाली.

अतिरेक्यांनी मारल्याची बातमी मनाला लागते आणि पोलिसांनी मारल्याची लागत नाही, असं का व्हावं? अतिरेकी माझ्या मतांवर निवडून आलेले नव्हते, माझ्या करातून त्यांना पगार मिळत नव्हता. पोलिसांना मिळत होता. मग ज्यांच्याशी माझा देण्याघेण्याचा संबंध आहे, त्यांना जाब विचारताना मी मृताच्या चारित्र्याचा दाखला का मागतो? नव्वदच्या दशकात मुंबईत अमुक अधिकाऱ्याने किती जणांना उडवलं याचे आकडे पेपरात छापून यायचे आणि शाबासकीच्या सुरात वाचले जायचे. ते वाचणाऱ्यांत मीही होतो.

त्या लाकडांच्या नोंदी माझा ‘होता कोण?’ हा प्रश्न अनुत्तरित ठेवतात, आणि तेच मला सर्वांत जास्त बोचतं. जाळलेल्यांपैकी काहींनी बंदूक उचललीही असेल. काही जण शेतातून उचलून आणलेली पोरं असतील. कोण काय होतं हे न्यायाधीशासमोर ठरायला हवं होतं, आणि नेमकी तीच संधी चितेत गेली. माझी अट पाळायची तर १२३८ जणांसाठी मला कधीच हळहळता येणार नाही, कारण ते निरपराध होते हे सिद्ध करायला त्यांची नावंच उरलेली नाहीत.

मानवाधिकार आयोगाने काही कुटुंबांना पावणेदोन लाख, काहींना अडीच लाख रुपये द्यायला सांगितलं. आयोगाने तपासलं ते या तीन स्मशानभूमींपुरतं. पंजाबच्या बाकीच्या जिल्ह्यांतही स्मशानं आहेत, आणि तिथेही लाकडाला पैसे पडतच असणार. त्यांच्या वह्या कुठे आहेत, असं मी इतक्या वर्षांत कुणालाच विचारलेलं नाही.