चेंडू आणि पेला

गुणी माणसाला समाजाने मान दिला, म्हणजे त्या माणसाला मान दिला असे होते काय? प्रश्न वरवर शाब्दिक वाटेल. पण बाळू पळवणकरांचे चरित्र वाचताना तो माझ्या मानगुटीवर बसला, तो अजून उतरलेला नाही.

१८७६ साली चांभार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्याला गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची निगा राखण्याचे काम करीत. तेथेच ग्रेग नावाच्या इंग्रज फलंदाजाला सरावासाठी ते डावखुरी फिरकी टाकू लागले. आपल्याला बाद केले की ग्रेगसाहेब आठ आणे देई, असे सांगतात. बॅट मात्र त्या क्लबात त्यांच्या हाती कुणी दिली नाही. (घाम एकाने गाळावा आणि मिरवावे दुसऱ्याने, ही वाटणी आपल्याकडे फार जुनी.)

पुढे इंग्रजांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदूंना बाळूंची गरज भासली. त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू निःशंकपणे झेलीत; चेंडूला विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की मात्र बाकीचे आत चिनी मातीच्या पेल्यातून चहा घेत आणि बाळू बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यातून! बळी पडत गेले तसतसे सोवळे सैल झाले. मुंबईत ते संघाबरोबर जेवू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरविले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांना मिळाले नाही. १९२३ साली ते धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले.

आमच्या जालन्याकडे कापूस वेचून झाला, पऱ्हाट्या उपटल्या, की रिकाम्या वावरात पोरांचे डाव रंगतात. अशा पोरांना वर्गात ही हकीकत सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारले, “सर, अन् त्यायला बॉलिंग येतच नसती तर?”

मला वाटते, सारा प्रश्न येथेच आहे. ३३ प्रथम श्रेणी सामने आणि १७९ बळी, एवढी किंमत मोजल्यावर एका माणसाला धड पेला मिळाला. त्याच आळीतल्या, फिरकी न येणाऱ्या माणसाने काय करावे? मोबदला म्हणून मिळालेल्या पेल्याला मी मान म्हणणार नाही, ती मजुरीच. तरीही बाळू नसते तर तोही पेला तसाच फडताळात राहिला असता, हे कसे नाकारावे? हजारो प्रेक्षकांनी त्यांना डोळ्यांनी पाहिले होते. व्याख्यानांनी एवढे क्वचितच साधते.

१९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या वतीने खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी पडले. कित्येकांना त्यात निव्वळ फितुरी दिसते. मला तसे वाटत नाही. बाळूंच्या पुढ्यात एक दार खरोखरच उघडले होते. बाबासाहेबांची नजर दाराबाहेर उरलेल्यांवर होती. मी मतदार असतो तर मत बाबासाहेबांनाच दिले असते. पण बाळूंच्या नावापाशी हात क्षणभर थबकला असता.