बदललेले पेडल आणि नागसेनाचा रथ

इलेक्ट्रिक गिटारचे इफेक्ट पेडल घरी बांधणाऱ्या आणि विकतचे पेडल उघडून त्यातले भाग बदलणाऱ्या हौशी लोकांमध्ये एक वाद कायम चालू असतो. आयबानेझ कंपनीचे ‘ट्यूब स्क्रीमर’ घ्या. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते बाजारात आले. त्यातली ४५५८ क्रमांकाची चिप काढून दुसरी बसवली, डायोड बदलले, खर्ज भरदार व्हावा म्हणून एक कपॅसिटर मोठा घातला, पायाने दाबायचा स्विच नवा लावला. आता त्या हिरव्या डब्यात जे आहे त्याला ट्यूब स्क्रीमर म्हणायचे का? आणि म्हणायचे नसेल, तर नेमका कोणता भाग काढला तेव्हा ते गेले? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर थोडक्या पैशांत मिळणाऱ्या सुट्या भागांवरून चाललेला हा वाद क्षुल्लक वाटेल, पण आपल्याकडच्या दर्शनांनी शतकानुशतके हाच प्रश्न लढवला आहे. माझ्या मते त्यात बौद्ध भिक्खू नागसेनाची बाजू खरी आहे, आणि ती पडताळून पाहायला यंत्रमागांच्या भिवंडीसारखे दुसरे गाव नाही.

‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला भेटायला येतो. तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय, असे नागसेन त्याला विचारतो. दांडी म्हणजे रथ का? आस? चाके? जू? की या साऱ्यांच्या पलीकडचे काही? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि शेवटी मान्य करतो, की या भागांच्या आधाराने चालणारे ‘रथ’ हे एक व्यवहारातले नाव आहे. (भिवंडी तालुक्यातच लोनाडला बौद्ध लेणी आहेत आणि जवळच्या सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले. हा विचार या मातीला परका नाही.) नागसेनाच्या या मताला कडवा विरोध केला तो न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे नैयायिकांनी. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा ‘अवयवी’ खरोखर असतो. नसता, तर वस्तूचे एक टोक धरून ओढल्यावर सबंध वस्तू हाती आलीच नसती. हा युक्तिवाद कच्चा नाही. पेडलमधला एकच रेझिस्टर बदलला तरी आवाजाचा सगळा पोत पालटतो, म्हणजे भाग सुटे सुटे वागत नाहीत, हे सोल्डरिंग करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. पण या मताची किंमत मोठी आहे. एक अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा जन्माला येतो, असे न्याय-वैशेषिकांना मानावे लागते आणि ते तसे मानतातही. मग एक स्क्रू बदलला तरी पेडल नवे झाले म्हणायचे. ‘मूळ पेडल’ जपण्यासाठी या मताचा आधार घेणाऱ्याच्या हाती उलट काहीच उरत नाही.

मुळात हा ‘मूळ आवाज’ कुठे होता, ते पाहू. १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्यात ग्रेडी मार्टिनने वाजवलेला बास अचानक खरखरीत, फाटलेला ऐकू येतो. नॅशव्हिलच्या स्टुडिओतल्या मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनल बिघडला होता, एवढेच त्याचे कारण. तो आवाज लोकांना आवडला, म्हणून ग्लेन स्नॉडी या अभियंत्याने तसाच आवाज देणारे ट्रान्झिस्टरचे सर्किट तयार केले आणि १९६२ मध्ये गिब्सनने ते ‘मॅस्ट्रो फझटोन’ म्हणून विकायला काढले. म्हणजे फझचा, या फाटक्या आवाजाचा, माग काढत अगदी उगमाशी गेलो, तरी तिथे भेटते ती एका बिघाडाची नक्कल. १९६६च्या ‘फझ फेस’ची गोष्ट याहून बोलकी आहे. त्यात जर्मेनियमचे दोन ट्रान्झिस्टर असत, आणि जर्मेनियममधून होणारी विजेची गळती उष्णतेबरोबर वाढते. एकाच जातीचे दोन नगही सारखे निघत नसत. भिवंडीत मे महिन्याच्या दुपारी आणि जानेवारीच्या पहाटे तेच पेडल, एकही भाग न बदलता, दोन वेगळे आवाज काढील. ज्याला आपण वस्तूचा स्थिर गाभा समजतो, तो हवेबरोबर हलतो.

भिवंडीची ओळख यंत्रमागांनी घडवली. साधे माग इथे पिढ्यान् पिढ्या चालले ते सतत बदलूनच. धोटा घासतो, फणी खराब होते, पट्टे तुटतात, मोटर जळते; बंद पडलेल्या मागाचा भाग काढून जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, तो चालत्या मागाला बसवतो. इतके होऊनही कारागीर त्याला तोच माग म्हणतो आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. मंदीत अनेक कारखान्यांतले माग वजनावर भंगारात गेले. तेव्हा त्यांचे लोखंड तसूभरही कमी झाले नव्हते. गेले ते सूत, गेली वीज, गेला जॉबरचा हात, आणि त्याबरोबर मागही गेला. वस्तूला वस्तूपण देतो तो वापर, देखभाल आणि कारणांची न तुटलेली साखळी. बुद्धविचारात दिव्याचा दाखला येतो तो याचसाठी: रात्रभर जळणारी ज्योत पहिल्या प्रहरी आणि शेवटच्या प्रहरी एकच नसते, पण वेगळीही म्हणता येत नाही. याच तालुक्यातल्या आगरी हळदीत वाजणारा बेंजो पाहा. १९१२ साली जपानमध्ये नागोयाला गोरो मोरिताने ‘ताईशोगोतो’ बनवले. ते भारतात येऊन बुलबुलतरंग झाले. इथे त्याला पिकअप लागला, अ‍ॅम्प्लिफायर लागला, गिटारसाठी केलेले इफेक्टही जोडता येऊ लागले. त्यातला अस्सल कोणता, हे ठरवण्याच्या फंदात कोणी पडत नाही आणि पडण्याचे कारणही नाही. मिरजेच्या तंबोऱ्याची घोडी तारांनी झिजते, जवारी पुन्हा काढावी लागते, आणि कारागिराने हाडाचा तो पृष्ठभाग घासल्यावरच तंबोरा पूर्वीसारखा बोलू लागतो. तिथे बदल केला नाही, तर आवाज हरवतो.

यावर पहिला आक्षेप अनुभवाचा आहे: जुन्या जर्मेनियमचा आवाज खरोखर वेगळा लागतो, कान खोटे बोलत नाहीत. मला हे मान्य आहे. नागसेन फरक नाकारत नाही, फरकामागे लपलेला गाभा नाकारतो. त्या आवाजाला गळती, गेन, लहरीची टोके छाटली जाण्यातली गोलाई अशी मोजता येणारी कारणे आहेत. ती जमवून आणली तर आजच्या भागांतूनही तो निघतो, आणि जमली नाहीत तर डब्यावर १९६६ लिहिले असूनही निघत नाही. दुसरा आक्षेप परंपरेचा, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. काही गोष्टींना हात लावूच नये, हे यातून दिसत नाही का? दिसते. पण नाथांनीही हात लावला होता. कोणते पाठ मागाहून शिरले हे पारखून, आपण काय करतो आहोत याची जबाबदारी घेऊन लावला होता. त्यांचा निषेध आहे तो आपले शब्द दुसऱ्याच्या नावावर खपवण्याला. तो पेडललाही लागू पडतो.

तिसरा आक्षेप नीतीचा. वस्तूला गाभाच नसेल, तर दुसऱ्याचे सर्किट उतरवून आपल्या नावाने विकले तर बिघडले कुठे? याचेही उत्तर ‘मिलिंदपन्ह’ देते. आंबे चोरणारा म्हणतो, मालकाने लावलेली कोय वेगळी, मी तोडलेली फळे वेगळी. तरी तो दोषी ठरतो, कारण ही फळे त्या कोयीतूनच आली. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये डॉ. आंबेडकरांनी आत्मा नाकारला, पण कर्माची नैतिक व्यवस्था सोडली नाही. गाभा मानणारा फार तर खरे-खोटे ठरवून थांबतो. साखळी मानणाऱ्याला मात्र आपण कोणाकडून काय घेतले आणि त्याचे काय केले, याचा हिशेब द्यावाच लागतो.

म्हणून पेडल बांधणाऱ्या आणि बदलणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती आहे. ‘अस्सल’चा शोध सोडा, हवे ते भाग बिनधास्त बदला, पण झाकणाच्या आतल्या बाजूला सर्किट मुळात कोणाचे, कोणता भाग काढला, कोणता घातला आणि कोणत्या तारखेला, हे लिहून ठेवा. पुढे ते उघडणाऱ्याला त्याची गरज पडेल.