चूक ऑपरेटरची?

चाकणच्या लाइनवर एखादा जॉब रिजेक्ट झाला, की चांगला क्वालिटी इंजिनिअर ऑपरेटरवर लगेच ओरडत नाही. तो विचारतो, का? उत्तर आलं की त्या उत्तरालाच पुन्हा, का? पाचव्या ‘का’पर्यंत माणूस बहुधा मागे पडलेला असतो आणि ढिलं फिक्श्चर, अपुरा उजेड किंवा हात न पोचणाऱ्या जागी ठेवलेला ट्रे सापडतो. ‘ऑपरेटर एरर’ असं लिहून कागद मिटवणारेही असतात, पण महिन्याभरात तोच दोष परत येतो. भोसरीपासून निघोजे-खराबवाडीपर्यंत ज्यांना ही व्हाय-व्हाय ॲनालिसिसची रीत तोंडपाठ आहे, अशी माणसं गल्लोगल्ली भेटतात. घरी मात्र मुलानं आठवड्यात तिसऱ्यांदा कंपासपेटी हरवली की एकच ‘का’ येतो, आणि त्याला उत्तर नको असतं.

या पट्ट्यातल्या घरांना मला सांगायचं आहे ते हेच. समजून घेण्याची रीत आपल्याला येते. ती कार्ड पंच केल्यावर गेटवर सोडून येऊ नये.

शिगेओ शिंगो हे जपानी इंजिनिअर १९६१ मध्ये यामादा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात गेले. तिथे एका छोट्या स्विचला दोन बटणं होती आणि प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग बसवायची होती. कामगार अधूनमधून एखादी स्प्रिंग विसरत. ताकीद दिली की काही दिवस नीट जायचे, मग पुन्हा तेच. शिंगोंनी सुचवलं की काम सुरू करण्याआधी दोन स्प्रिंगा मोजून एका बशीत काढून ठेवा. स्विच जोडून झाल्यावर बशीत स्प्रिंग उरली तर ती राहिली हे तिथल्या तिथे कळेल. विसरण्याचा प्रश्न सुटला. ज्याला आपल्याकडे सगळे पोका-योके म्हणतात, त्याचं हे पहिल्या काळातलं उदाहरण.

एडीएचडी असलेल्या मुलाच्या घरात वर्षानुवर्षं फक्त ताकीद चालू असते. वेंधळा, चंचल, बेफिकीर, लाडावलेला, मोबाईलनं वाया गेलेला. या मुलाला कळत असतं, ऐन वेळी आठवत नसतं, आणि ओरडून आठवण वाढत नाही. दाराशी दप्तराचा ठरलेला खिळा, डब्याच्या झाकणावर चिकटवलेली चार शब्दांची यादी, गृहपाठाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे: ही त्याची बशी. महाराष्ट्रानं हे एका बाबतीत लवकर ओळखलं होतं. अध्ययन-अक्षम मुलांना दहावीच्या परीक्षेत १९९६ पासून सवलती मिळू लागल्या. तिथे मूल तेच राहिलं आणि परीक्षेची व्यवस्था बदलली.

पण या भागातल्या घरांची एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या पालकत्वावरच्या पुस्तकांत सापडत नाही. ती म्हणजे फिरती शिफ्ट.

चिखली, मोशी, कुरुळी इथे भाड्याची एक खोली आणि किचन, असं घर धरा. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात तिथे पहाटे पाचलाच कुकर लागतो. सेकंडच्या आठवड्यात वडील रात्री एकला जेवायला बसतात. थर्डच्या आठवड्यात ते सकाळी आठला येतात, पडदा ओढून झोपतात आणि दुपारी दोनपर्यंत कुणी आवाज करायचा नसतो. आता या घरात सात वर्षांचं एक स्वमग्न मूल आहे. घडणाऱ्या गोष्टींचा क्रम हाच त्याचा मोठा आधार. वरणानंतर भात, आंघोळीनंतर निळा टॉवेल, सातला बाबा. दर सोमवारी त्याचं सगळं घर बदलतं. त्यानं ताट भिरकावलं. का? भूक नव्हती. का? जेवण दोन तास आधी वाढलं होतं. का? नंतर भांड्यांचा आवाज नको म्हणून. का? बाबा झोपलेले. का? थर्ड शिफ्ट. पाचव्या पायरीला मुलाचा हट्ट कुठे शिल्लक राहतो? बापाचाही दोष राहत नाही, आणि ‘आईनंच लाडावून ठेवलंय’ या वाक्याला तर मुळीच जागा उरत नाही.

शिफ्ट घरच्यांच्या हातात नसते, ती आधीच सांगणं हातात असतं. स्वमग्न मुलांना दिवसाचा क्रम चित्रांत मांडून दाखवायचा, ही पद्धत अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात १९७२ मध्ये सुरू झालेल्या ‘टीच’ कार्यक्रमातून जगभर गेली. लाइनवरच्या माणसाला यात नवं काही नाही. त्याच्या वर्कस्टेशनवरही काम चित्रांतच लावलेलं असतं. फ्रिजवर तीन रंगांचं शिफ्टचं कॅलेंडर, रविवारी संध्याकाळी मुलासोबत बसून फिरवलेला बाण, आणि तिन्ही शिफ्टमध्ये न बदलणारी एखादी गोष्ट, मग ती बाबांनी घातलेली वेणी असो की एकत्र प्यायलेलं दूध.

एडीएचडी घराण्यातून बऱ्याच प्रमाणात चालत येतो. त्यामुळे मुलाचा अहवाल हातात आला की पुष्कळ बापांना त्यात स्वतःचं बालपण दिसतं. आयटीआयच्या प्रॅक्टिकलला पहिला आणि थिअरीला जेमतेम पास, मशीन आवाजावरून ओळखणारा पण रजेचा अर्ज कधीच वेळेत न देणारा. ‘आम्हीपण मार खाऊनच मोठे झालो’ असं तो म्हणतो. मोठे झालात हे खरंच. पण मारामुळे झालात की मार सोसूनही झालात, हा ‘का’ एकदा तरी विचारायला हवा.

मनावरच्या आघाताची गोष्ट त्याहून अवघड आहे, कारण तो दिसत नाही. वाहनउद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या शॉपमध्ये पॉवर प्रेसखाली बोटं जातात. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावाच्या अहवालांतून हे मांडते आहे. कामगार भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात बोटांचे टक्केही ठरलेले आहेत: अंगठा ३०, पूर्ण तर्जनी १४, करंगळी ७. पण बोट गेल्यानंतर कुकरच्या शिट्टीला दचकणारा, रात्री तीनदा कडी तपासणारा, मुलाच्या हातून ताटली पडली की भान हरपून अंगावर धावणारा माणूस त्या तक्त्यात नाही. तळेगावात जनरल मोटर्सचं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबलं तेव्हा हजाराहून जास्त कामगारांच्या घरांत अनिश्चितता शिरली. ८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यात केकवर लावायच्या फुलबाज्यांच्या कारखान्यात आग लागून अनेक कामगार स्त्रियांचा जीव गेला. त्यांची मुलं आज कुठल्या तरी शाळेत बसलेली असतील, आणि त्यांचं वर्गात लक्ष नसतं अशी तक्रारही असेल.

हे मुद्दाम लिहितो, कारण भेदरलेलं मूल आणि एडीएचडीचं मूल वरून सारखं दिसू शकतं. दोघंही चुळबुळतात, झोपत नाहीत, ऐकलेलं विसरतात. जिन्यातल्या बुटांच्या आवाजावरून आज पप्पांचा मूड कसा आहे हे ओळखणाऱ्या मुलाचं सगळं लक्ष त्या जिन्याकडे लागलेलं असतं. पाढ्यांसाठी ते उरणार कुठून? म्हणून रील्स बघून घरातल्या घरात शिक्के मारू नयेत. तपासणी जाणकाराकडूनच करून घ्यावी.

आणि घरातली बाई? तिला शिफ्ट नसते. ती तिन्ही शिफ्टमध्ये जागी असते. फर्स्टचा डबा तिचा, रात्री एकचं ताट तिचं, शाळेतून आलेला फोन तिचा, थेरपीला नेणं-आणणं तिचं. फी भागावी म्हणून नवरा ओव्हरटाइम करतो, आणि तेवढे तास घर पुन्हा तिच्यावर पडतं. ‘अहो, डोकंच चालत नाही आता,’ ती म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा तो नोकरीच्या जागचा प्रकार आहे, आयुष्याच्या इतर क्षेत्रांना हा शब्द लावू नये, असं म्हटलं. मला हे पटत नाही. बेल्जियमच्या इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायझाक यांच्या पुढाकारानं ४२ देशांत झालेला पालकांच्या बर्नआउटचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यानं त्यानं आपापलं बघावं अशी व्यक्तिवादी रीत जिथे रुजली आहे, तिथे हा थकवा जास्त आढळला. लातूर, बीड, परभणी, बुलढाण्याहून आलेल्या आणि सासू-जावा-आत्या सगळ्या मागे ठेवून एका खोलीत संसार करणाऱ्या बाईला हे कुणी समजावून सांगायला नको.

कारखान्याच्या रीतीची एक मर्यादा मात्र मान्य करायलाच हवी. तिथलं ध्येय शून्य दोष हे असतं, सगळे जॉब एकसारखे. घराचं ध्येय ते असू शकत नाही. डोळ्याला डोळा न भिडवणारं, पंख्याकडे तासभर बघणारं मूल हा दुरुस्त करायचा जॉब नव्हे. रिवर्क करायचं ते वेळापत्रकाचं, आवाजाचं आणि आपल्या अपेक्षांचं.

मदत अगदीच नाही असं नाही. पिंपरीत महापालिकेचं वायसीएम रुग्णालय आहे, मोरवाडीत दिव्यांग भवन आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर रात्री सेकंड शिफ्ट सुटल्यावरही मराठीत बोलता येतं. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत स्वमग्न मुलाला एक लाखापर्यंत विम्याचं संरक्षण मिळतं. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आहेत, नुसता एडीएचडी नाही. एडीएचडीच्या मुलांच्या पालकांच्या हाती प्रमाणपत्रही येत नाही.

दिव्यांग मुलाचा सांभाळ करणाऱ्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून वगळण्याची तरतूद २०१४ पासून आहे. त्याचं घर हललं तर मुलाचा आधार तुटतो, हे सरकारनं मान्य केलं. चाकणमधल्या कामगाराचं घर तर दर आठवड्याला जागच्या जागी हलतं. म्हणून इथल्या युनियनना माझी विनंती आहे. पुढच्या वेतन कराराच्या मागण्यांत पगारवाढ, कॅन्टीन आणि बस यांच्याबरोबर आणखी एक कलम घाला: ज्याच्या घरी असं मूल आहे त्याला मागेल तेव्हा कायम एकच शिफ्ट. मान्यतेसाठी डॉक्टरांचं पत्र पुरेसं धरा, म्हणजे एडीएचडीची मुलं बाहेर राहणार नाहीत. आणि हे कलम फक्त पर्मनंट माणसांपुरतं ठेवू नका. ठेकेदाराकडच्या पोराच्या घरीही तेच मूल असतं, आणि त्याच्या बाजूनं मागणारं कुणी नसतं.