नवस चालतो, मग लस का नाही?

रांजणगाव शेणपुंजीतल्या कामगारांच्या खोल्यांमधून आरोग्यसेविका म्हणून मी वर्षानुवर्षे फिरले. थोरल्याला गोवर आला की दाराला लिंबाचा पाला लागायचा आणि आत फोडणी बंद. धाकट्याच्या लशीचं काढलं की माउली म्हणायची, "सिस्टर, देवी घरात आहे, सुई नको. तिच्या मनात असेल ते होईल."

पण तिनेच खणानारळाची ओटी कबूल केलेली असायची! सगळा भार दैवावर टाकणारा माणूस नवस बोलेल कशाला? नवस हाही प्रयत्नच. म्हणजे हात जोडून बसणं तिलाही मान्य नव्हतं.

1896 साली मुंबईच्या मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला, तेव्हाही धर्म बुडण्याची भीती होतीच. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस केली ती बकऱ्याच्या मांसाच्या रसात. वर चक्क तूप. तुपाच्या थेंबांना लोंबकळत जंतू वाढायचे, मग ते तापवून मारायचे. सोवळ्यातल्या माणसाला हे ऐकूनच शिसारी येणार. हाफकिननी 10 जानेवारी 1897 ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. तिसऱ्या आगाखानांनी अनुयायांसमोर दंड पुढे केला. शिवाय हाफकिन काही नास्तिक नव्हते. 1916 मध्ये त्यांनी ज्यू धर्माच्या कर्मठ आचरणाची बाजू घेणारा लेख लिहिला.

त्याच प्लेगच्या साथीत पुण्यात लोक चिडले ते गोरे सोल्जर तपासणीसाठी घरात घुसले म्हणून. त्या संतापाला देवधर्माचा विरोध म्हणणं मला पटत नाही. आणि 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला प्लेगची लस घेतलेली 19 माणसं धनुर्वाताने गेली. हाफकिनवर ठपका आला, तो पुसायला 1907 उजाडलं. म्हणून सुईला भिणाऱ्या आईला मी कधी अडाणी म्हटलं नाही. पहिल्या खेपेला नुसता चहा घेऊन उठायचे.

तरी "देवाच्या इच्छेत ढवळाढवळ" हा मुद्दा मला खोटाच वाटतो. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ओली पट्टी ठेवताना तो कुणाला आठवत नाही.

बायांनो, ओटी जरूर भरा. पण बाळाला नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोसाला आणा, आणि दीड वर्षाच्या सुमारास दुसऱ्याला.